वखार, दादनी आणि विणकर

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून इतिहासविषयक लेख नेहमीच येतात. मूळपुरुष कोण, कुलदैवत कोणते, अमुक घराणे अमुक गावी केव्हा येऊन स्थिरावले, कोणत्या दरबाराने कोणते वस्त्र मागविले, ह्यांचा ऊहापोह त्यांत असतो आणि तो असावाही. मागाविषयी तर आपण सर्वजण अभिमानाने लिहितो. परंतु ज्या जागेने मागाला सूत पुरविले, ज्या जागेने कापड मापून घेतले आणि ज्या जागेने मजुरीचा आकडा ठरविला, त्या वखारीकडे मात्र आपले सहसा लक्ष गेलेले नाही. विणकराचे भाग्य मागावर ठरले असे आपण म्हणतो. थोडेबहुत वाचन केल्यावर आमचे मत असे झाले आहे की, ते बहुतांशी वखारीच्या वहीत ठरले. त्या वहीचा मागोवा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आज वखार म्हटले की लाकडाची वखार डोळ्यांपुढे येते. तीनशे वर्षांपूर्वी ह्या शब्दाचा अर्थ फार व्यापक होता. परकी व्यापाऱ्याचे कोठार, पेढी, कचेरी आणि राहण्याचे घर ही सारी मिळून वखार होई. सुरतेस इंग्रजांची वखार १६१३ च्या सुमारास उभी राहिली. पुढे राजापुरासही त्यांनी वखार घातली. इंग्रज आपल्या वखारीस फॅक्टरी म्हणत, पण त्या फॅक्टरीत यंत्र नव्हते की माग नव्हता. फॅक्टर म्हणजे अडत्या, आणि तो जेथे बसतो ती फॅक्टरी. माल दुसऱ्यानेच आपल्या घरी तयार करावयाचा. वखारीने तो सांगावयाचा, मोजावयाचा आणि जहाजावर चढवावयाचा. वखारीचे हे सामर्थ्य आपल्या राज्यकर्त्यांनी ओळखले नव्हते असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांस वखारीसाठी जागा द्यावी लागलीच तर ती समुद्राच्या तोंडाशी न देता आत, किनाऱ्यापासून दूर अशा ठिकाणी द्यावी आणि त्यांस मजबूत इमारत बांधू देऊ नये, अशा आशयाचा इशारा आहे. अमात्यांची दृष्टी राज्यरक्षणाची होती. वखारीच्या आत जी वही लिहिली जात होती तिची चिंता त्यांनी केलेली दिसत नाही. आणि ते त्यांचे काम नव्हतेही.

वखारीचे काम कसे चाले हे समजून घेण्यासारखे आहे. लंडनमधील कंपनीचे संचालक दरवर्षी मालाची एक यादी पाठवीत. अमुक जातीचे कापड इतके नग, लांबी इतकी, रुंदी इतकी, पोत असा, किंमत ह्या मर्यादेत. बरोबर कधी नमुन्याचा तुकडाही असे. ही यादी जहाजाने येण्यास निम्मे वर्ष आणि अधिकही लागे. सुरतेची जहाजे पावसाळा ओसरल्यावर येत आणि वारे फिरण्यापूर्वी परतावयास निघत. तेवढ्या मुदतीत हजारो मागांवर माल विणून होणे शक्य नव्हते. म्हणून पावसाळ्यात बंदर बंद असतानाच विणकरांस पैसा वाटून ठेवणे, हीच किफायतीची रीत ठरली. यादी लिहिल्यापासून गठ्ठे लंडनच्या कोठारात पडेपर्यंत दोन वर्षे सहज जात. ह्या दोन वर्षांत तिकडची आवड पालटली किंवा कायदा पालटला, तर इकडे मागावर बसलेल्या माणसास त्याची गंधवार्ताही नसे. इंग्लंडात १७०० आणि १७२१ साली हिंदी छापील कापड वापरण्यावर बंदी घालणारे कायदे झाले. ते ज्यांच्या पोटावर आले त्यांपैकी एकानेही त्यांचे नाव ऐकले नसेल.

बरे, विणकराच्या हातून कापड सुटले म्हणजे काम संपले असेही नव्हते. कोरे कापड धुण्यासाठी भडोच व नवसारीकडे जाई. भडोचच्या धुलाईची ख्याती अशी की, इतर गावांचा मालही तेथे पाठवीत. मग रंगारी, मग घडी घालणारे आणि गठ्ठे बांधणारे. एकच थान चार-पाच हातांतून फिरे, आणि प्रत्येक वेळी ते कोणाच्या ताब्यात आहे, किती दिवसांत परत यावयाचे, कमी भरले तर कोणाच्या नावे टाकावयाचे, ह्याची नोंद वखारीस ठेवावी लागे. आज कारखानदार ज्याला बाहेरून काम करवून घेणे म्हणतात, त्याचे सारे शास्त्र ह्या नोंदीत आलेले आहे. इंग्रजांचे दलाल ही व्यवस्था सांभाळीत. सुरतेचा भीमजी पारेख हा त्यांतला नामांकित. ह्याच गृहस्थाने इंग्लंडाहून छापखान्याचा कारागीर मागविला आणि तो १६७४ साली आलाही. माल विणावयास लावणारा माणूस अक्षरे छापण्याचेही मनात आणतो, ही गोष्ट जाता जाता नमूद करण्याजोगी वाटते.

विणकरास आगाऊ पैसा देण्याच्या ह्या पद्धतीस बंगालकडे 'दादनी' म्हणत. फारसीत देणे ह्या अर्थाचा जो धातू आहे त्यावरून हा शब्द आला. प्रारंभी कंपनी दादनी व्यापाऱ्यांस पैसा देई आणि व्यापारी तो विणकरांत वाटीत. व्यापाऱ्यांना स्वतःचे भांडवल होते, दुसरी गिऱ्हाइके होती. डच होते, फ्रेंच होते, आर्मेनियन होते, आपल्याकडील मोठमोठे सावकार होते. विणकरास कंपनीचा भाव पटला नाही तर दुसरे दार उघडे असे. १७५३ साली कंपनीने बंगालात हे व्यापारी बाजूस सारले आणि पगारी गुमास्ते नेमून थेट विणकरांशी व्यवहार आरंभिला. चार वर्षांनी प्लासी झाली, आणि गुमास्त्याच्या पाठीशी राजसत्तेचा शिपाई उभा राहिला. सूत तेच, माग तेच, दादनीही तीच. पण आता 'नको' म्हणण्याची सोय उरली नाही.

मालाची प्रत ठरविणारा माणूस वखारीचाच असे. कलकत्त्यास निर्यातीच्या वखारीत थाने उलगडून त्यांचे वर्ग पाडीत आणि वर्ग उतरला की किंमत उतरे. जे मुळीच पसंत पडत नसे ते परत फेकीत. परत आलेले थान विणकराने कोठेही विकावे; दादनीचे येणे मात्र वहीत तसेच उभे. विल्यम बोल्ट्स ह्या कंपनीच्याच जुन्या नोकराने १७७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे म्हटले आहे की, गुमास्ते आणि पारख करणारे संगनमताने जो भाव लावीत तो खुल्या बाजारापेक्षा शेकडा पंधरापासून चाळीसपर्यंत कमी असे. बोल्ट्सला कंपनीने १७६८ मध्ये देशाबाहेर घालविले होते, तेव्हा त्याच्या लेखणीत राग आहे हे ध्यानात ठेवूनच त्याचा आकडा घेतला पाहिजे. तसेच, विणकरांचे अंगठे इंग्रजांनी तोडले अशी जी कथा आपल्या सभांतून वारंवार सांगितली जाते, तिच्याविषयीही सावधगिरी बरी. बोल्ट्स लिहितो ते असे की, रेशीम उकलणाऱ्या कारागिरांनी सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी आपले अंगठे आपणच तोडून घेतले. आमच्या मते हे दुसऱ्याने तोडण्याहून कमी भयंकर नाही.

कंपनीच्या ह्या कारभारात एक बाब मात्र अशी आहे की, तिच्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष गेलेले नाही. तक्रारी वाढल्यावर आणि मालही खालावल्यावर, अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने नियम केले. दादनी घेतलेल्या विणकराने येणे फिटेपर्यंत दुसऱ्यासाठी विणू नये, असे १७९३ च्या बंगालच्या कायद्यात आहेच, आणि ते विणकराच्या गळ्यात पडले. पण त्याच काळच्या नियमांत विणकरास 'हातचिठ्ठा' द्यावा असेही आहे. हातचिठ्ठा म्हणजे विणकराच्या स्वतःच्या ताब्यात राहणारा हिशेबाचा कागद. अमुक तारखेस इतकी दादनी दिली, अमुक तारखेस इतकी थाने घेतली, ह्याची नोंद त्यावर व्हावयाची. वखारीत जी वही, तिचे एक पान विणकराच्या घरी. गुमास्ते हे नियम कितपत पाळीत हा प्रश्न निराळा. परंतु अन्याय कोठे होतो हे नियम करणाऱ्यास नेमके उमगले होते, असे ह्यावरून दिसते. तो मागावर होत नव्हता, दोन वह्यांच्या ऐवजी एकच वही असल्यामुळे होत होता.

हे सर्व परक्यांनी एतद्देशीयांवर लादले म्हणून घडले, असे समजणे सोपे आहे, पण खरे नाही. ज्या इंग्लंडातून ह्या याद्या येत, तेथील लोकर विणणारे आणि सूत कातणारे लोकही घरीच काम करीत आणि व्यापाऱ्याच्या कोठारातून माल आणीत. आणलेला माल किती दिवसांत परत करावा ह्याविषयी तेथे फौजदारी कायदे होते. १७४९ च्या कायद्याने एकवीस दिवसांची मुदत दिली होती. १७७७ च्या कायद्याने ती आठ दिवसांवर आणली. सूत लांबविल्याच्या संशयावरून घरझडती घेणारे निरीक्षक नेमले गेले. जर्मनीत सायलेशिया प्रांती १८४४ च्या जूनमध्ये घरी विणणाऱ्यांनी त्स्वान्त्सिगर नावाच्या व्यापाऱ्याची हवेली आणि कोठार फोडले. प्रशियाच्या सैन्याने गोळीबार केला व अकरा माणसे मेली. त्यांचे गाऱ्हाणे मजुरीचे आणि वखारीत कापड घेताना होणाऱ्या कापाकापीचे होते. व्यापारी त्यांच्याच भाषेचा, त्यांच्याच धर्माचा होता.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता १८१३ मध्ये गेला आणि १८३३ च्या कायद्याने तिने व्यापारच सोडला. वखारी ओस पडल्या. दख्खनच्या विणकराचे गिऱ्हाईक मात्र पूर्वीपासून मुख्यतः घरचेच होते. शेतकऱ्याच्या घरचे लुगडे, खण, धोतर, पागोटे ह्यांवर त्याचा माग चाले. तेव्हा त्याला वखारीने गाठले ते निराळ्या वाटेने, म्हणजे सुताच्या वाटेने. पूर्वी गावोगावच्या बायका सूत कातीत आणि विणकर आठवड्याच्या बाजारी ते थोडेथोडे विकत घेई. मुंबईस १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीचा पाया पडला. १८६० च्या सुमारास सोलापुरास आगगाडी पोचली. १८७७ मध्ये सोलापुरातच गिरणी चालू झाली. गिरणीचे सूत एकसारखे, स्वस्त आणि बळकट. पण ते गठ्ठ्याने येई, रोख पैशाने येई, आणि ठेवावयास कोठार लागे. बाजारातून शेर-दोन शेर सूत उचलणारा विणकर येथे उणा पडला. ज्याच्याजवळ कोठार तो सुताचा धनी झाला. त्याने सूत उधार दिले आणि अट घातली की, कापड आमच्याच दुकानी आणावे. पुढची पायरी म्हणजे सूतही त्याचे, कापडही त्याचे, विणकराची केवळ मजुरी. त्यापुढची पायरी म्हणजे मागही त्याचाच आणि त्याच्याच छपराखाली. सोलापुरात ह्या धन्यास कारखानदार आणि त्याच्याकडे विणणाऱ्यास आसामी म्हणू लागले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ साली दख्खनच्या नागर हस्तव्यवसायांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ह्या स्थित्यंतराचे चांगले वर्णन आहे. कारखानदारांपैकी कितीतरी जण स्वतः विणकर कुळातलेच होते, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या ज्ञातीत वखारीच्या दोन्ही बाजूंची माणसे होती आणि आहेत. त्यामुळेच की काय, हा विषय आपल्या मेळाव्यांत निघत नाही.

वहीचे सामर्थ्य कशात असे, हे एका हिशेबाने दाखवितो. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. रीत खरी आहे. ४० नंबरचे सूत म्हणजे एका रतलात ८४० यार्डांच्या ४० लडी. दहा रतलांच्या गठ्ठ्यात ४०० लडी, म्हणजे ३,३६,००० यार्ड धागा झाला. समजा नऊ वारी लुगडे आहे, पन्हा ४५ इंच, ताण्याच्या काड्या २,०००, आणि वाणा इंचास ४८. ताण्यास १८,००० यार्ड लागेल आणि वाण्यास १९,४४०, मिळून ३७,४४०. भागाकार केला तर गठ्ठ्यात आठ लुगडी पुरी होऊन नववे अगदी थोडक्यात हुकते. प्रत्यक्षात धागे तुटतात, ताण्याचे शेवटचे टोक मागात अडकून राहते, विणताना ताणा वळसे घेतो म्हणून लांबी आटते. तेव्हा आठ लुगडी होऊन थोडे सूत उरावयाचे. वखारीच्या वहीत 'येणे लुगडी आठ' लिहावयाचे की 'नऊ'? उरलेले सूत कोणाचे? घट शेकडा किती धरावयाची? ज्याने वही लिहिली त्याने हे ठरविले. आठ लिहिले आणि उरलेले सूत विणकराचे मानले, तर त्याच्या घरच्या मुलाबाळांचे कापड होई. नऊ लिहिले, तर तोच विणकर वर्षअखेरीस चोर ठरे.

पुष्कळ ठिकाणी लांबीच्या हिशेबाची कटकट टाळून वजनावर व्यवहार करीत. दहा रतल सूत दिले, दहा रतल कापड आणावे, घटीपोटी इतकी सूट. हे दिसावयास न्याय्य आहे. पण कापसाला हवेतील ओलावा धरण्याचा स्वभाव आहे. कोरड्या सुतावर शेकडा साडेआठ इतका ओलावा वस्त्रशास्त्रात प्रमाण म्हणून धरतात, आणि ऋतूप्रमाणे तो वरखाली होतो. श्रावणात दमट कोठारातून तोलून दिलेले सूत वैशाखात कापड होऊन आले, तर एकही धागा न हरवता पाव-अर्धा रतल कमी भरावयाचे. ही तूट विणकराच्या नावे पडे. विणकरही काही अगदी साधाभोळा नव्हता. खळीत पीठ जास्त घातले की कापड वजनास उतरते, हे त्याला ठाऊक होते. एकाने ओल्या सुताने घ्यावे आणि दुसऱ्याने घट्ट खळीने द्यावे, असा हा लपंडाव पिढ्यान्पिढ्या चालला. वरकड कोणीच जिंकत नव्हते. गिऱ्हाइकाला मात्र पहिल्या धुण्यातच कापड विरळ झालेले दिसे.

ह्या सर्वांच्या मुळाशी 'बाकी' नावाचे प्रकरण होते. लग्न, आजारपण, सण ह्यांसाठी आसामीने उचल घ्यावयाची आणि ती वहीत बाकी म्हणून राहावयाची. बाकी फिटल्यावाचून दुसऱ्याकडे जाता येत नसे. नव्या धन्याने जुन्याची बाकी भरली तर माणूस इकडून तिकडे जाई. म्हणजे दादनीच ती, नाव निराळे. शिवाय वह्या मोडीत असत, आणि मोडी वाचणारा विणकर शंभरांत किती असेल ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा. अशा वह्या आपल्यापैकी काही घरांतून अजून माळ्यावर पडून असतील, देण्याच्याही आणि घेण्याच्याही. त्या रद्दीत घालू नयेत. दरबारी पोशाखाच्या कथांपेक्षा त्यांत आपला इतिहास अधिक आहे.

वखार विणकरांनीच चालवावी, ही कल्पना सहकारी चळवळीची. १९०४ च्या कायद्याने केवळ पतपेढ्यांस वाव दिला होता. १९१२ च्या कायद्याने इतर व्यवसायांच्या संस्थाही काढता येऊ लागल्या. संस्थेने सूत घाऊक आणावे, सभासदास वाटावे, कापड घ्यावे, मजुरी द्यावी आणि नफ्यात वाटा द्यावा. सावकाराची जागा संस्थेने घ्यावयाची, वखार तीच. ज्या संस्थांत वही सभासदांपुढे दर महिन्यास वाचली जाई त्या टिकल्या, असे जाणती माणसे सांगतात, आणि ते मनास पटते. पण १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला, सुताचा कोटा संस्थांमार्फत मिळू लागला, आणि रातोरात संस्था उगवल्या. काहींकडे सभासद होते, माग नव्हते. सूत मागावर न जाता काळ्या बाजारात गेले. ह्या काळाविषयी आपल्या लोकांत फार बोलले जात नाही. स्वातंत्र्यानंतर, १९७१ साली, राज्याचे हातमाग महामंडळ नागपुरास स्थापन झाले. सूत द्यावयाचे आणि मजुरी देऊन कापड घ्यावयाचे ही त्याचीही रीत. १९७६ पासून जनता कापडाची योजना आली. तोपर्यंत आपली बहुतेक तरुण मंडळी हातमाग सोडून यंत्रमागाकडे गेली होती.

यंत्रमागाचे आपल्याकडील पहिले मोठे गाव इचलकरंजी. तेथे १९०४ मध्ये, जहागीरदार नारायणराव घोरपडे ह्यांच्या आश्रयाने, पहिला यंत्रमाग बसला. माग विजेवर आला तरी वखारीचे नाते बदलले नाही. तेथील 'खर्चीवाला' म्हणजे माग स्वतःचा, वीज स्वतःची, कामगार स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचे आणि कापड व्यापाऱ्याचे. त्यास मजुरी मिळते ती वाण्याच्या धाग्यांवर, म्हणजे पिकांवर. दर पिकास इतके पैसे. मंदी आली की व्यापारी बिमे देणे थांबवितो. वखारीचे दार लोटले की झाले. माग, कर्जाचे हप्ते आणि विजेचे बिल खर्चीवाल्याकडे उरते. मालकी आणि जोखीम ह्यांची अशी फारकत कंपनीच्या गुमास्त्यांनाही साधली नव्हती. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा कित्येक गिरण्यांनी भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतले आणि आपल्या नावाने विकले. अडीच लाख कामगार बाहेर असताना बाजारात गिरणीचे कापड दिसत होते, ते ह्यामुळे. भिवंडीच्या मागवाल्यास त्या वर्षी काम मिळाले, आणि मुंबईच्या कामगाराच्या हातचे गेले. दोघेही पुष्कळदा एकाच जिल्ह्यातून आलेले. ह्या प्रसंगी कोणाचे बरोबर होते हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

त्याच भिवंडीच्या आसपास आज मैलोगणती गुदामे उभी आहेत. अनेक माग भंगारात निघाले आणि देशभरच्या व्यापाराची कोठारे तेथे आली. वखारीत आता संगणक आहे. मागणी नोंदली की कोणत्या कोठारातून कोणता कच्चा माल कोणत्या बाहेरच्या कारागिराकडे जावयाचा, तेथे किती पडून आहे, किती घट धरावयाची, तयार माल कोणत्या कोठारात घ्यावयाचा, हे सारे पडद्यावर दिसते. कारागिराकडे गेलेला माल धन्याच्याच मालमत्तेत, पण 'कारागिराचे कोठार' अशा निराळ्या नावाखाली दाखवितात. सुरतेचा दलाल जे कागदावर करी तेच हे. पडदा धन्याच्या कचेरीत आहे, एवढे मात्र तेव्हासारखेच राहिले.

हल्लीचा कायदा काय म्हणतो हे आपल्या घरांतून मजुरीने विणणाऱ्यांनी, शिवणाऱ्यांनी आणि कारखान्यांचे सुटे काम करणाऱ्यांनी माहीत करून घेण्याजोगे आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या १४३ व्या कलमाप्रमाणे धनी आपला कच्चा माल कर न भरता बाहेर कामास पाठवू शकतो. तो एका वर्षात परत यावा लागतो किंवा तेथूनच विकला जावा लागतो. न आल्यास ज्या दिवशी पाठविला त्याच दिवशी विकला असे धरतात. इंग्लंडच्या आठ दिवसांशी ताडून पाहता वर्ष म्हणजे चैनच. ह्या मालाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कायद्याने धन्यावर टाकली आहे. म्हणजे वही अधिकृतपणे त्याचीच. विणकराने आपली ठेवू नये असे मात्र कोठेही लिहिलेले नाही, आणि मालाबरोबर जे चलन येते त्याची एक प्रत ठेवून घेतली तर तोच हातचिठ्ठा होतो.

दुसरा कायदा २००६ चा, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा. त्याचा लाभ नोंदलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगास मिळतो, आणि मजुरीने काम करून देणाराही त्यात येतो. लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत, पैसे मिळाले पाहिजेत. करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. ह्यात आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मालाच्या पसंतीविषयीचे कलम. माल हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचवल्याच्या दिवशीच तो पसंत झाला असे मानले जाते. सहा महिन्यांनी डाग दाखवून मजुरी कापण्याचा जो प्रकार कलकत्त्याच्या वखारीपासून चालत आला, त्यास ह्या एका ओळीने अडविता येते. मात्र त्यासाठी माल कोणत्या तारखेस पोचला ह्याचा घेणाऱ्याच्या सहीचा कागद आपल्यापाशी असावा लागतो.